गालिच्याखालचा जिना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'आपल्या सोसायटीचा इतिहास' हा विषय दिला. शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला म्हणून असेल. पण नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा, बोअरवेल, पार्किंगचे वाद हे सगळं आपल्या माजी अध्यक्षांनी याच अंकात तपशीलवार लिहिलं आहे. मी त्यातला एकच तुकडा घेते. आपल्या सभागृहाचा जिना.

नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं की हा जिना पहिल्यापासून असाच, लाकडाच्या रंगाचा होता. जुन्यांना मात्र तो मरून गालिचा अजून आठवतो. पावसाळ्यात त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा, हेही आठवतं. दोन वर्षांपूर्वी आपणच आपल्या हातांनी तो उचकटला आणि खालचा जिना दुरुस्त केला. त्या कामाचा हिशोब वार्षिक अहवालात एका ओळीत आला आहे: 'सभागृह जिना दुरुस्ती, रु. ४७,३००'. या एका ओळीत जे मावलं नाही ते इथे लिहिते.

आधी बंगल्याविषयी. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि इंग्रजांनी पुण्याच्या पूर्वेला छावणी वसवली. तोच आपला लष्कर भाग. तिथे आणि आसपास साहेबांसाठी, पुढे श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी बंगले उठले. उंच जोतं, दगडी भिंती, पुढे व्हरांडा, आत मोठा दिवाणखाना आणि त्यातून वर जाणारा रुंद लाकडी जिना. आपल्या प्लॉटवरचा बंगला याच जातकुळीतला. तीन विंगा बांधताना तो पाडला नाही. खाली सोसायटीचं ऑफिस आणि वर सभागृह-वाचनालय अशी सोय झाली. गणपतीतले कार्यक्रम, मुलांचे वाढदिवस, कोजागिरी, शोकसभा, सगळं वरच होतं. म्हणजे जिना चढता आला तरच तुम्ही सोसायटीच्या कार्यक्रमात.

मी पेठेतल्या वाड्यात वाढले. तिथला जिना भिंतीच्या जाडीत लपलेला असायचा. अंधारा, उभा, एका वेळी एकच माणूस जाईल असा, धरायला वरून सोडलेला दोर. काही ठिकाणी वर झडप. रात्री झडप लावली की माडी बंद. तो जिना कोणाला दाखवायचा नव्हताच. बंगल्याचा जिना याच्या उलट. आलेल्या पाहुण्याने तो बघावा, यजमानीणबाईंनी त्यावरून उतरत यावं, यासाठीच तो दिवाणखान्यात मधोमध मांडलेला.

आणि त्यावर गालिचा. ही कल्पना थंड देशातली आहे. तिथे लाकूड पायाला गार लागतं, बुटांचा खडखडाट घरभर घुमतो. इंग्लंडमध्ये अ‍ॅक्समिन्स्टर गावी टॉमस व्हिटी यांनी १७५५ साली गालिचे विणायला सुरुवात केली, तेव्हा तो मोठ्या घरांचाच माल होता. सर्वसाधारण माणसाच्या जिन्यावर गालिचा आला तो यंत्रामुळे. १८४०च्या सुमारास अमेरिकेत इरॅस्टस बिगेलो यांनी गालिचे विणणारे यंत्रमाग बनवले, ते इंग्लंडमध्येही पोचले, आणि मध्यमवर्गीय घराला जिन्यापुरती पट्टी परवडू लागली. हो, पट्टीच. तेव्हा पायरीभर गालिचा घालत नसत. मधोमध दीड-दोन हात रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना उघडं लाकूड, त्यावर रंग. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात एक पितळी दांडी, ती पट्टी दाबून धरायची. वर्षातून एकदोनदा दांड्या काढायच्या, पट्टी झटकायची आणि परत लावताना थोडी वरखाली सरकवायची, म्हणजे एकाच जागी झिजत नाही. किती शहाणपणाची पद्धत! आपल्या आया सतरंजीची घडी बदलून घालायच्या, तसंच हे.

गालिच्यांच्या बाबतीत पुणं काही फक्त गिऱ्हाईक नव्हतं. येरवड्याचा तुरुंग १८७१ साली उभा राहिला आणि तिथे कैद्यांकडून गालिचे विणून घेत. विजापूरच्या आसार महालात जे जुने गालिचे होते, त्यांच्या नकला इथे होत. साहेबलोकांत त्यांना मागणी होती. तुरुंगातले गालिचे हा त्या काळी देशभरच उद्योग होता. विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू चेंबर नावाचं दालन आहे, तिथला प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगात विणलेला. वजन सुमारे दोन टन. येरवडा म्हटलं की आपल्याला गांधीजी आणि १९३२चा पुणे करार आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत असे कैदी त्याच भिंतींआड गाठीवर गाठ मारत बसले होते, हे मी मुलांना वर्गात आवर्जून सांगत असे.

आपल्या जिन्यावरही एके काळी अशीच पट्टी होती. पुरावा पुढे येईल.

मरून गालिचा मात्र त्या घराण्यातला नव्हे. तो आपल्या विंगांची बुकिंग सुरू होती तेव्हा 'लुक' येण्यासाठी घातलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी, पलंगपोसाला गोंडे टाचणाऱ्या धंद्यातूनच यंत्राने गोंडे टाचलेले स्वस्त गालिचे निघाले. विणकाम नाही, तयार कापडावर सुयांनी धागा टाचायचा आणि मागून रबरी लेप द्यायचा. पुढे धागाही नायलॉनचा. जगभर भिंतीपासून भिंतीपर्यंत जे गालिचे पसरले ते हेच. आपला त्यातलाच, खाली बोटभर स्पंज, आणि सगळं सोल्युशनने लाकडाला चिकटवलेलं. झटकणं नाही, सरकवणं नाही. पुण्याच्या पावसाळ्यात चपलांचं पाणी आत मुरायचं आणि दिवाळीपर्यंत वाळायचं नाही.

त्यात मोजमापाचीही गडबड होती. १६७५ साली फ्रान्समध्ये ब्लाँडेल यांनी जिन्याचा एक हिशोब लिहून ठेवला. दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी, बेरीज दोन फुटांच्या आसपास यावी, कारण माणसाचं पाऊल तेवढं पडतं. आपल्या जिन्याची पायरी पावणेसात इंच उंच आणि अकरा इंच रुंद. बेरीज साडेचोवीस. बांधणाऱ्या मिस्त्रीने ब्लाँडेल वाचला नसेल, पण हात बरोबर होता. आता त्यावर पाऊण इंच गालिचा-स्पंज चढवला की मधल्या पायऱ्या एकमेकींशी सारख्याच राहतात, पण पहिली पायरी साडेसात इंच होते आणि सगळ्यात वरची सहा. पाय सवयीने पडतो, डोळ्यांनी नाही. शिवाय पायरीची कड गालिच्यामुळे गोल आणि मऊ झालेली, म्हणजे टेकायला जागा कमी. सी विंगच्या आजी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वाचनालयातून पुस्तक बदलून उतरताना पहिल्याच पायरीवरून घसरल्या आणि चौकात येऊन पडल्या. खुबा मोडला. सगळ्यांनी म्हटलं, वय झालं. वय झालंच होतं. पण त्या आजी रोज तीन मजले चढत होत्या, लिफ्ट न वापरता.

त्यानंतर तीन महिने वरचं सभागृह बंद ठेवलं. कोटेशनं मागवली. नवा गालिचा: ६८,०००. लाकडी जिना पॉलिशवाल्या ठेकेदाराकडून: १,६०,०००. जिना काढून नवा लोखंडी आणि फरशीचा: ४,२०,०००. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही असं सभेने ठरवलं, दुरुस्ती निधीतून ३५,००० पर्यंत देता येतील असं खजिनदार म्हणाले. सभेत एकाने सुचवलं, वरचा मजला कायमचा बंद करा, कार्यक्रम पार्किंगमध्ये घ्या. ते जवळजवळ मंजूर होत आलं होतं. तेव्हा ए विंगचे टूलरूमवाले काका उठले. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाले, "आधी एक पायरी उघडून बघू. एका पायरीला पैसे लागत नाहीत."

दुसऱ्या रविवारी सात-आठ जण जमलो. काकांनी चौथ्या पायरीवर धारदार कटरने आडवी चीर दिली, पकडीने टोक धरलं आणि ओढलं. गालिचा टर्रकन आला, स्पंजाचा मात्र लाकडाला चिकटून भुगा झाला. त्याखाली अजून एक थर निघाला, तपकिरी, कडक, तडे गेलेला. मुलांना वाटलं रबर. ते लिनोलियम होतं. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने शोधून काढलेली वस्तू. जवसाचं तेल हवेत आटवून घट्ट करायचं, त्यात बुचाच्या लाकडाचा भुसा मिसळायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. नावही लॅटिनमधल्या जवस आणि तेल या शब्दांवरूनच केलेलं. जवस आणि ताग दोन्ही इथून जहाजांनी विलायतेला जायचे. लिनोलियमच्या खाली वर्तमानपत्राच्या घड्या होत्या, इंग्रजी, वाळवीने जाळी केलेल्या. एका तुकड्यावर घोड्यांच्या शर्यतीची जाहिरात आणि १९३८ हे साल. म्हणजे निदान तेव्हापर्यंत पट्टी गेली होती आणि लिनोलियम आलं होतं.

आणि त्याखाली लाकूड. मधल्या पट्ट्याचा रंग गडद मधासारखा, दोन्ही बाजूंना हिरव्या रंगाचे थर. हाच तो पुरावा. पट्टी मध्ये असायची म्हणून रंग फक्त कडांना. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दोन-दोन पितळी कड्या, दांडी अडकवायच्या. दांड्या गेल्या होत्या, कड्या राहिल्या होत्या. पुढे माळ्यावर जुन्या मंडपाच्या सामानात पाच दांड्या सापडल्या, काळ्या पडलेल्या. चिंचेने घासल्या तर झळकायला लागल्या.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या सुतारकाकांनी एका ढलपीचा वास घेतला आणि म्हणाले, "बर्मा आहे हो बाई. असा आता बघायला मिळत नाही." आपल्या घरांत 'बर्मा टीकचा पाट', 'बर्मा टीकचं कपाट' म्हणताना आवाज जरा चढतो. त्या शब्दामागे काय आहे ते सांगते. १८६३ साली बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. ब्रह्मदेशातल्या जंगलांत सागवान तोडायचं, हत्तींनी ओढून नदीत सोडायचं, वाहत समुद्रापर्यंत आणायचं. १८८५ साली ब्रह्मदेशच्या राजाच्या दरबाराने कंपनीवर आरोप ठेवला की तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून कर बुडवला, आणि लाखो रुपयांचा दंड केला. इंग्रज सरकारला निमित्त हवंच होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फौजा गेल्या आणि पंधरा दिवसांत मंडाले पडलं. तो राजा म्हणजे आपल्या रत्नागिरीचा थिबा. राणी सुपयालतसह त्याला कोकणात आणून ठेवलं. नजरकैदेत तीस वर्षं काढून १९१६ साली तो तिथेच वारला, परत मायदेश दिसला नाही. रत्नागिरीची सहल काढून थिबा राजवाडा बघणारे आपण, त्याच्या जंगलातल्या लाकडावरून वाचनालयात जातो.

मला हे ढलपी हातात घेऊन मुलांना सांगताना फार बरं वाटलं. वर्गात असा पुरावा कधी मिळाला नव्हता.

मग काम सुरू झालं. चोवीस पायऱ्या, मध्ये एक चौक. दर रविवारी सकाळी नऊ ते एक, अकरा रविवार. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे वाचले ते इथेच.

गालिचा अख्खा ओढायचा नाही. हात-सव्वा हाताच्या पट्ट्या कापायच्या, गुंडाळून लगेच बाहेर. कडेला ठोकलेल्या चुका शेकड्यांनी निघतात, त्या डब्यात मोजून टाकायच्या. अनवाणी वावरणारी घरं आपली. सोल्युशनचे डाग आधी नुसत्या खरवडणीने काढायचे, मग उरलेले टर्पेंटाइनच्या बोळ्याने. खिडक्या उघड्या ठेवून. काहींना घाई होती, त्यांनी यंत्राने घासू या म्हटलं. काकांनी हिरव्या रंगाकडे बोट दाखवलं. जुन्या तेली रंगांत शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा कायद्याने आली ती थेट २०१७च्या नोव्हेंबरात. तो रंग कोरडा घासला की धूळ होते, आणि ती लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून रंग असलेल्या कडा ओल्या करूनच घासल्या, ओला पॉलिश पेपर, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक, आणि त्या तीन रविवारी मुलांना जिन्याकडे पूर्ण मज्जाव. घासलेला चिखल पिशव्यांत बांधून वेगळा दिला, नाल्यात सोडला नाही. मुलं रुसली. त्यांना दांड्या घासायला दिल्या.

तीन पायऱ्या वाळवीने आतून पोकळ केल्या होत्या, सातवी, आठवी आणि चौकाजवळची. वरून धडधाकट, स्क्रू-ड्रायव्हर टोचला की भस्सकन आत. गालिच्याची ओल तिथे धरलेली. सुतारकाकांबरोबर भवानी पेठेच्या लाकूडबाजारात जाऊन जुन्या इमारतीतून निघालेल्या सागाच्या फळ्या आणल्या. नवीन लाकूड महाग तर आहेच, पण जुनं पूर्ण वाळलेलं असल्याने पुढे पिळत नाही. करकरणाऱ्या पायऱ्यांना जिन्याच्या पोटातून, म्हणजे ऑफिसच्या फायलींच्या कपाटामागून, पाचरी मारल्या आणि लाकडी ठोकळे स्क्रूने बसवले. करकर म्हणजे दोन लाकडं एकमेकांवर घासणं, एवढंच. भुतं नव्हेत, हे बी विंगच्या दोन नातवांना दाखवून द्यावं लागलं.

शेवटी कडांना नवा रंग, आणि मधल्या लाकडाला जवसाचं तेल पातळ करून दोन हात. यात एक धोका आहे तो ठळक लिहिते: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते, आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. आम्ही रोज बादलीत पाण्यात बुडवून ठेवत होतो. तेलावर महिनाभर वाळू देऊन, न घसरणारं पॉलियुरेथेन. प्रत्येक पायरीच्या कडेला बोटभर पिवळी पट्टी, ही सूचना सी विंगच्या आजींचीच. घरी अंथरुणावरून सांगितली. "मला उतरताना पायरी कुठे संपते ते दिसतच नव्हतं," म्हणाल्या. कोणी आधी विचारलंच नव्हतं.

आता पैशांकडे येते, कारण या कामातला खरा वाद जिन्याविषयी झाला, पण या जिन्याविषयी नाही.

हिशोब असा झाला. सुतारकाकांची नऊ दिवसांची मजुरी १०,८००. जुन्या फळ्या ७,५००. वाळवीचं औषध ३,५००. पॉलिश पेपर, खरवडण्या, मास्क वगैरे ४,६००. तेल, रंग, पॉलिश ९,८००. भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा ६,२००. आणि मधल्या भागासाठी काथ्याची पट्टी ४,९००. एकूण ४७,३००. निधीतून मिळाले ३५,०००. वरचे १२,३०० कुठून आणायचे?

बंगल्याच्या मागे, पाण्याच्या पंपाशेजारी एक लोखंडी गोल जिना होता, गंजलेला, वेलींनी झाकलेला. तो वर सभागृहाच्या मागच्या बंद दारापाशी जायचा. जुन्यांनी बघितला असेल, नव्यांच्या लक्षातही आला नसेल. असे जिने मुंबईतल्या जुन्या इमारतींनाही मागच्या अंगाला दिसतात. ते सफाईच्या लोकांसाठी असत. संडासाची टोपली उचलणाऱ्याने पुढच्या जिन्याने घरात यायचं नाही, मागून वर चढायचं, मागून खाली उतरायचं, डोक्यावर टोपली घेऊन. बंगला बांधणाऱ्याने दोन जिने एकाच वेळी आखले असणार. एकावर गालिचा, पितळी दांड्या, बर्मा साग. दुसरा इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. मैला उचलायला माणूस लावणं कायद्याने बंद केलं ते १९९३ साली, आणि अधिक कडक कायदा आला २०१३मध्ये.

समितीत प्रस्ताव आला की तो जिना भंगारात द्यावा. मी विरोध केला. म्हटलं, पुढचा जिना आपण एवढ्या प्रेमाने जपतो आहोत तर मागचा विकून त्याचे पैसे पुढच्याला लावायचे, हे मला पटत नाही. तो गंज काढून, शेजारी चार ओळींची पाटी लावून ठेवू या. मुलांना कळलं पाहिजे. दोघा-तिघांना पटलं. बाकीचे म्हणाले, बाई, तुमचं सगळं ठीक, पण पंपाची जागा अडते, साप निघाला होता.

सभा ऑफिसातच चालली होती. आपल्या जिने झाडणाऱ्या मावशी दाराशी पगाराच्या सहीसाठी थांबल्या होत्या. पंधरा वर्षं आपल्याकडे आहेत. त्या आत येऊन म्हणाल्या, "बोलू का? माझी आज्जी असल्याच जिन्यानं चढायची, लष्करातच. मला तो रोज दिसतो. तुम्हाला पाटी लावायची तर लावा, पण जिना नेऊ द्या." कोणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी विचारलं, पैसे पुढच्या जिन्याला वापरले तर चालेल का? मावशी म्हणाल्या, "पुढचा पण मीच झाडते की."

जिना विकला गेला. ४०० किलो भरला, ३२ रुपये किलो, १२,८००. कापायला दोन दिवस लागले. माझं मत आजही तेच आहे. दगड, लोखंड, लाकूड जागेवर असेल तर माणसं प्रश्न विचारतात, फोटोला कोणी विचारत नाही. पण ज्याच्या आजीने तो जिना चढला त्याने तो रोज बघत राहावा की नाही, हे ठरवण्याचा हक्क इतिहासाच्या बाईचा आहे असं मी मावशींच्या तोंडावर म्हणू शकले नाही. तोडण्याआधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मापं घेतली. पायरी सहा इंचांची, चढ नऊ इंचांची. ती मापं आणि एक फोटो वाचनालयात दाराशेजारी लावला आहे. पाटीचा मजकूर मी लिहिला, मावशींना वाचून दाखवला, त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला. मी 'सेवक' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "माणसं लिहा."

काथ्याच्या पट्टीविषयी राहिलंच. नायलॉन परत नको हे नक्की होतं, पण नुसतं लाकूड पावसात निसरडं. काथ्या खरखरीत, पाणी पडलं तरी सहज कुजत नाही. अलेप्पीत १८५९ साली जेम्स डॅराघ यांनी काथ्याचा पहिला कारखाना काढला आणि तिथून चटया जगभर गेल्या. आपल्या कोकणातही काथ्या वळतातच. पट्टी मधोमध घातली, वर आणि खाली पातळ कड, म्हणजे पायरीच्या उंचीत फरक पडत नाही. पाच दांड्या पहिल्या पाच पायऱ्यांना बसल्या, बाकीच्यांना काकांनी साध्या लोखंडी सळीला रंग देऊन तशाच दांड्या बनवल्या. लांबून फरक कळत नाही. दर सहा महिन्यांनी दांड्या काढून पट्टी झटकायची आणि चार बोटं खाली सरकवायची. गेल्या दिवाळीच्या आधी केलं, या वर्षी मे महिन्यात करायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं ऑफिसात द्यावीत.

खर्च वजा जाता ५०० रुपये उरले, त्यांचा शेवटच्या रविवारी चहा आणि बटाटेवडे झाले. सुतारकाका, मावशी आणि मास्क लावलेली आम्ही दहाबारा मंडळी जिन्यावरच बसलो होतो, पायरीला एक-एक. सी विंगच्या आजी आता दोन्ही कठडे धरून चढतात, चौकात खुर्ची ठेवली आहे तिथे दम घेतात आणि पुस्तक बदलून येतात. चौदावी पायरी अजून करकरते. तिच्याखाली पाचर मारायला ऑफिसचं जुनं कपाट हलवावं लागेल, आणि त्यात पहिल्या पंचवीस वर्षांच्या पावत्या आहेत.